उपाशी पाणी

भाद्रपदात मी रत्नागिरीला निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती. तिच्यात आळूची पानं, काकड्या आणि वरून बाहेर डोकावणारी दोन लांबलचक पडवळं. बहिणीकडे म्हाळ होता, पितृपक्षातलं श्राद्ध. म्हाळाची भाजी रत्नागिरीच्या बाजारात मिळत नाही असं नाही, पण ती विकतची. गोदा म्हणायची, दादा, तू आपल्या परसातली आण. म्हणून दर साली मी संगमेश्वरला एस.टी. धरायचो आणि कंबर मोडून घेत जायचो. त्या साली कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हा साप गाडीत आडवा घालू नका." मी म्हटलं, "तुझ्या गाडीत माणसाला आडवं व्हायला मिळत नाय, निदान सापाला तरी होऊ दे." लोक हसले. असा हसतखेळत गेलो मी. भीतभीत नव्हे.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्याच घातल्या. आता मला कुणी घातल्या तर घालोत. कंदिलाची वात जरा चढवा, आणि मध्ये बोलू नका.

गोदाचा नवरा सखाराम मास्तर. हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. मिऱ्याच्या वाटेवर त्यांचं कौलारू घर. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, आणि हा गृहस्थ माजघरात खिडकीखाली काचेची मोठी पेटी करून तिच्यात दुसरा समुद्र मांडून बसलेला! आत खडपावरचे दगड. खडप म्हणजे समुद्रातला कातळ, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडा पडतो तो. त्या दगडांवर हिरव्या बटणांसारखी जिवंत फुलं, थोडी पोवळ्याची जात, दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे. वर ट्यूबलाइट, बाजूला हवेचा पंप, रात्रंदिवस गुरगुरणारा. बघायला गावातली पोरं यायची. मला विचाराल तर दगडांना जेवू घालणारा माणूस मी तो एकच पाहिला.

जेवण म्हणजे सुक्या जवळ्याची पूड. तीही चिमटीत मोजकी.

"माणसांना असं हात आखडून वाढलं असतंत तर पाहुणे पानावरून उठून गेले असते," गोदा म्हणायची.

"पाहुण्यांचं उष्टं तू बाहेर टाकतेस. यांचं उष्टं यांच्याच घरात राहतं," मास्तर म्हणायचा. मला त्याने एकदा समजावून सांगितलं. जास्त घातलं तर कुजतं, पाणी नासतं, शेवाळ चढतं आणि फुलं गुदमरतात. कमी घातलं तर ती पांढरी पडून झडतात. "दादा, हा तोल आहे. जेवढं आत जातं तेवढं कुठून तरी बाहेर यायलाच हवं. माशाच्या पोटातून, शेवाळातून, नाहीतर मी उपसतो त्या पाण्यातून. घातलं आणि नाहीसं झालं, असं होत नाही."

तो तोल बघायला त्याच्याकडे शाळेतली काचेची नळी होती. पेटीतलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात भुकटी घालायची, बाटलीतले थेंब सोडायचे. पाणी गुलाबी होई. गडद झालं तर घाण फार. फिकट गुलाबी झालं की मास्तर खूश.

आता बाबल्याचं सांगतो. गोदाचा एकुलता एक. भरल्या अंगाचा, हसरा, आयटीआयला शिकत होता. बापाला दगड आणून द्यायचं काम त्याचं. आदल्या साली वैशाख संपता संपता समुद्र उधाणायला लागला होता, तरी हा सुकतीला खडपावर गेला. लाट आली आणि घेऊन गेली. होड्या घालून शोधला. अंग मिळालं नाही. त्याची टोपली तेवढी कातळाच्या फटीत अडकलेली सापडली, आणि टोपलीत एक दगड. असोल्या नारळाएवढा, भोकाभोकांचा.

भटाने गवताचा माणूस करून जाळला. गोदा म्हणाली, ते गवत जळलं, माझं पोर नाय. आणि मास्तराने तो टोपलीतला दगड पेटीत ठेवला. तेव्हापासून गोदा काम आटोपलं की पाट घेऊन पेटीसमोर बसायची.

म्हाळाच्या दिवशी सगळं रीतसर झालं. वडे, खीर, आळूचं फदफदं, माझं पडवळ. बाबल्याचं पान पडवीच्या कौलांवर ठेवलं. रत्नागिरीत कावळ्यांना काय तोटा? शेजारच्या माडावर ओळीने बसले होते. पण एक ओरडेल तर शपथ. पानाकडे बघत गप्प बसलेले.

मास्तराने हात जोडून सांगितलं, तुझ्या आईला सांभाळीन. मीही सांगितलं. शेवटी शिव्या दिल्या. पावसाची भुरभुर सुरू झाली, आभाळ असं काळवंडलं की दुपारची दिवेलागण वाटायला लागली, आणि वीज गेली. कावळे उडाले ते पानाला न शिवताच.

गोदाने पान खाली घेतलं आणि आत निघाली.

"गोदे, काय करतेस?"

"माझा पोर खाऱ्या पाण्यात हाय, दादा. कावळ्याला काय ठाऊक त्याचा पत्ता?"

आणि तिने ते पान पेटीवर नेऊन उलटं केलं.

मास्तर ओरडला तो अजून माझ्या कानात आहे. पंप वीज गेल्यामुळे बंद होता. घरात एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. खिरीचा पांढरा ढग पाण्यात पसरला, भात तळाला बसला, वडे वर तरंगत राहिले.

"सगळं मरणार, दादा. एवढ्या अन्नाने डबकं होणार याचं."

"मग उपसा की पाणी."

"आणि भरू काय? पावसाळ्यात समुद्र गढूळ. साठवणीचं अर्धं पिंप उरलंय."

निदान वडे तरी काढावे म्हणून त्याने बाही सारली. मी कंदील पेटीशी धरला. तेवढ्यात तो ढग हलला.

पंप बंद, पाणी निवांत. तरी चुलीचा धूर जसा भिंतीच्या फटीकडे ओढला जातो तसा तो ढग एका अंगाला सरकायला लागला. बाबल्याच्या दगडाकडे. एका बाजूच्या भोकांतून आत जात होता आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येत नव्हता. मग भाताचं शीत न् शीत घरंगळत गेलं. मग वडे बुडाले, खालून कुणी ओढल्यासारखे. खारट वास होता तो बदलला, ओल्या केसांना येतो तसा वास आला. आणि आवाज ऐकू आला. जेवण झाल्यावर लहान पोर बोटं चोखतं ना... तसा. काचेच्या आतून.

गोदा पाटावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "सावकाश... सावकाश खा."

सकाळी मास्तराने नळी भरली. भुकटी घातली, थेंब सोडले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा केलं.

"नासलं नाय ना? मग बरं झालं," मी म्हटलं.

"बरं नाही झालं, दादा. यात काहीच नाही. कालच्याआधी होतं तेवढंही नाही. हे पाणी... रिकामं आहे." मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मग गेलं कुठे?"

भातकापणी तोंडावर होती. मी माझ्या घरी गेलो.

दिवाळी झाल्यावर मास्तराचा निरोप आला, एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर. नुसतं 'या' एवढंच. गेलो. दार उघडलं ती बाई कोण हे मला क्षणभर कळेना. गोदा होती. गाल खोल गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली. म्हातारा मी, पण माझी आजी असावी अशी दिसत होती.

मास्तरावर मी तुटून पडलो. "बायकोला उपाशी मारता काय हो? कसले मास्तर तुम्ही?"

"माझ्यासमोर जेवते, दादा. दोन माणसांचं जेवते. अंगाला लागत नाही. डॉक्टरने रक्त तपासलं, टॉनिक दिलं. म्हणतो, रोग नाही."

पेटीत मासे नव्हते. फुलं होती ती पांढरी पडून झडलेली, दगड हाडांसारखे दिसत होते. काच एवढी लख्ख की आत पाणी आहे की नाही ते हात लावल्याशिवाय समजू नये. शेवाळाचा ठिपका नाही. एका त्या दगडाचाच रंग तेवढा उतरला नव्हता. रोज दुपारी गोदा त्या पेटीत अख्खं ताट रिकामं करत होती.

मी म्हटलं, "आजपासून दगडाला ताट नाय. बघतो कोण घालतो ते." आणि पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. गोदा भांडली नाही. समोर भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर ठेवून. दुपार गेली. मास्तर आतबाहेर करत होता. ऊन खिडकीतून सरकलं तसा पेटीतून बारीक आवाज यायला लागला, रिकामी वाटी खरवडल्यासारखा.

"दादा..." गोदा म्हणाली. "पिळतंय."

"कुठे दुखतं?"

"दुखत नाय. पिळतंय... आतून."

मग मी पाहिलं ते सांगतो. तिचा हात मांडीवरच होता, तिने हलवलाही नव्हता. मनगटातली हिरवी बांगडी सैल पडली, पंजावरून घसरली आणि जमिनीवर घरंगळत गेली. मग दुसरी. मग तिसरी. माझ्या डोळ्यांदेखत बहिणीचा हात वाळत होता, उन्हात ठेवलेल्या मिरचीसारखा.

मास्तर स्वयंपाकघरातून भाताचं पातेलं घेऊन धावत आला आणि त्याने ते तसंच पेटीत उपडं केलं. खरवडणं थांबलं. बोटं चोखणं सुरू झालं. गोदाने श्वास घेतला.

"आता कळलं?" मास्तर खाली बसून म्हणाला. रडत होता तो. "इथनं नाही मिळालं की तो तिथनं घेतो."

"दगड उद्या समुद्रात," मी म्हटलं.

गोदा डोळे मिटूनच म्हणाली, "न्या. पण जेवून जाऊ दे त्याला."

दुसऱ्या दिवशी सुकतीच्या वेळेला त्याला पेटीतून काढायला गेलो तर निघेना. टोपलीतून पोराने एका हाताने आणला असता असा तो दगड. मास्तर दमला, मी दमलो. दोघांनी मिळून कसाबसा गोणपाटात घेतला, गोणपाट बांबूला बांधलं आणि बांबू खांद्यांवर. पुढे मी, मागे मास्तर, आणि त्याच्या मागे गोदा. बाईमाणसाने येऊ नये म्हणतात. तिला कुणी अडवलं नाही. वाटेतल्या माणसांनी आम्हाला बघून टोप्या काढल्या. दगड नेतोय असं त्यांना कुणी सांगावं?

बांबू खांद्यात रुतत होता. बाबल्याचा पाय मोडला होता तेव्हा मी त्याला आमच्या शेतातून घरापर्यंत पाठीवर आणला होता, चांगला मिसरूड फुटलेला असताना. ते वजन माझ्या हाडांना ठाऊक होतं.

खडपाच्या टोकाशी, जिथे टोपली सापडली होती तिथे गोणपाट सोडलं. भरती लागली. पाणी आलं, गोणपाटावरून फिरलं, आणि दगड दिसेनासा झाला. गोदाने बरोबर आणलेला भात लाटेवर सोडला. आम्ही भिजेस्तोवर तिथे उभे होतो.

"झालं," मास्तर म्हणाला.

मी गोदाला माझ्या घरी आणलं. समुद्रापासून जेवढं लांब तेवढं चांगलं. पेटी मास्तराने फोडली आणि तो मुंबईला भावाकडे गेला. मधूनमधून यायचा. आमच्या वाडीतून समुद्र बघायचा तर एस.टी.त अर्धा दिवस जातो. माझं घर एकाकडेला, मागे परस, परसात चिऱ्यांनी बांधलेली विहीर. बायको जाऊन मला बरीच वर्षं झाली होती, मुलगा मुंबईला, तेव्हा घरात आम्ही दोघंच. गोदा भाकरी थापायची, मी खोड्या काढायचो. पौषात तिच्या गालांवर जरा मांस आलं. शेजारची गंगुबाई पाण्याला यायची ती म्हणायची, "धाकूदादा, बहीण आली तसा तुमच्या तोंडाचा पट्टा कमी झाला हो." मी तिला दोन शब्द ऐकवायचो. पण मनातून वाटायचं, जगली. माझी गोदा जगली.

माघात एक दिवस गंगुबाई कळशी घेऊन आली आणि उभीच राहिली.

"तुमच्या बहिणीला जेवण जात नसेल तर माझ्या म्हशीला द्या. हिरीत कशाला टाकता?"

मी परसात गेलो. गोदा विहिरीच्या काठावर बसली होती. हातात ताट, पुसल्यासारखं स्वच्छ.

"गोदे..."

"रागावू नको, दादा."

"इथे कोण हाय तुझा? इथे समुद्र नाय, काय नाय. गोडं पाणी हाय!"

"वाट लांब होती ना," ती म्हणाली. "चालून दमलाय तो. भुकेने आलाय."

मी विहिरीत वाकून बघितलं. पाणी एवढं निर्मळ की तळाचा चिरा न् चिरा दिसत होता, आणि शेवाळ, बेडूक, पालापाचोळा, काहीच नाही. पाण्याच्या वर हातभर, ओल्या चिऱ्यांना, कालवं धरली होती. समुद्राच्या खडपावर धरतात ती शिंपल्याची कालवं, पांढरी, धारदार, एकमेकांवर चढलेली. मी बादलीभर पाणी ओढून तोंडात घेतलं. गोड होतं. कालवं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत हे कोकणातल्या पोरालाही कळतं. ही जगत होती. मी वाकलो तशी त्यांनी तोंडं मिटली, एकदम, सगळ्यांनी.

त्यानंतर ताट मी अडवलं नाही. एकदा अडवून बघितलं होतं, पुन्हा धीर नव्हता. ताट रोज जात होतं. तरी गोदा उतरत गेली. ताट आता पुरत नसावं. शेवटी शेवटी तिला मी कडेवर घेऊन अंगणात उन्हाला बसवायचो, तर गवताच्या पेंढीएवढं वजन लागायचं नाही. मास्तर आला, तिच्या उशाशी बसून राहिला. फाल्गुनात ती गेली. तिरडी उचलली तेव्हा पुढच्या माणसाने मागे वळून बघितलं, खांद्यावर काही आहे की नाही म्हणून.

बारावं झालं. मास्तर गेला तो परत आला नाही. मी विहिरीवर फळ्या टाकल्या, वर दगड ठेवले. गंगुबाईला सांगितलं, पाणी आटलं, वाडीच्या हिरीवर जा. ती पुटपुटत गेली.

मी काही बाबल्याचा बाप नव्हे, आई नव्हे. माझ्यापाशी काय मागणार, असं मनाशी म्हणत होतो. पंधरवडाही झाला नसेल. अंगणात चालता चालता कमरेचा करगोटा सुटला म्हणून मी थांबलो. सुटला नव्हता. गाठ जशीच्या तशी होती. कमरेवरून घसरून पायांत पडला होता.

त्या दुपारी मी फळ्या काढल्या.

आता ताट मी नेतो. भात, आमटी, असेल ती भाजी. काठावरून सोडतो, आवाज थांबेपर्यंत उभा राहतो आणि मुकाट परततो. मुंबईहून मुलगा म्हणतो, बाबा, इकडे ये. जाईन म्हणतो. कुठे जाऊ? मुंबईला तर चारी बाजूंनी समुद्र.

काल दुपारी ताट सोडलं. बोटं चोखण्याचा आवाज आला, थांबला. मी वळलो. आणि मागून, खालून, अगदी दमलेल्या बाईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"दादा... आणि मला?"

चुलीवर माझ्या वाटणीचा भात होता तो नेऊन दिला. रात्री तसाच झोपलो. आज दोघांचा शिजवायचा म्हणून तांदळाच्या कणगीत खोलवर हात घातला. आता कडक चैत्र चालू आहे, घरात पाण्याचा टिपूस सांडलेला नाही. तरी तळचे तांदूळ ओले लागले. चार दाणे जिभेवर ठेवले.

खारट.